मुलाला घेऊन बडोद्याहून पुण्याला जायचंय, वडिलांची परवानगी लागते का?

रावपुरावाली: परस्पर संमतीने घटस्फोट होऊन दोन वर्षं झाली. मुलगा आठ वर्षांचा, ताबा माझ्याकडे. दर रविवारी दहा ते सहा तो बाबांकडे, असं डिक्रीत, म्हणजे कोर्टाच्या घटस्फोटाच्या हुकमात आहे. मला पुण्यात नोकरी लागलीय, जूनमध्ये हजर व्हायचंय. आईबाबाही तिथेच असतात. शाळेत एलसी (शाळा सोडल्याचा दाखला) मागितला तर क्लार्क म्हणाला, वडिलांची सही आणा. आणि ते फोनवर नुसतं "बघू" म्हणतात. काय करू?

खंडेरावचा_भाजीवाला: ताबा तुमचा, मग विचारायचं कशाला? लहान मूल आईचंच. सरळ गाडीत बसा.

काळाकोट_निवृत्त: भाऊ, भाजी विका. 1956 च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्यात ताबा 'सहसा आईकडे' म्हटलंय ते पाच वर्षांच्या आतल्या मुलाबद्दल, हा आठचा आहे. ताई, तुमची अडचण ताब्याची नाही, रविवारची आहे. पुण्याहून दर रविवारी भेट होणार नाही, म्हणजे तुम्ही डिक्री मोडणार आणि उद्या अवमानाचा अर्ज तुमच्यावर. ज्या कोर्टाने डिक्री दिली तिथेच हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली भेटीच्या अटी बदलून मागा. ताब्याचे हुकूम दगडावरची रेघ नसतात. 2010 मध्ये विक्रम वीर व्होरा प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हेच म्हटलं आणि आईला मुलासह ऑस्ट्रेलियाला जाऊ दिलं. तोही घटस्फोट संमतीचाच होता. तुमचं तर पुणं आहे.

माहेर_ग्वाल्हेर: स्टॅम्पपेपरवर नोटरी करून घेतलं की झालं, असं मलाही वाटलं होतं. सहा महिने सुरळीत चाललं. मग त्यांचं डोकं फिरलं आणि "मी दबावाखाली सही केली" म्हणून कोर्टात गेले. दोघांचं पटत असेल तेव्हाच संयुक्त अर्ज टाकून कोर्टाचा शिक्का घ्या.

रावपुरावाली: पण ते सहीच करत नाहीत हो!

काळाकोट_निवृत्त: मग एकटीने अर्ज करा. नोटीस निघेल, ते येतील. न्यायाधीश आधी पाहतात ते मुलाचं हित. नेमणुकीचं पत्र, पुण्याच्या शाळेत प्रवेश मिळतोय याचा कागद, घरी कोण सांभाळणार, सगळं जोडा. मुलाला चेंबरमध्ये बोलावून विचारतीलही, त्याला पढवून नेऊ नका, लगेच कळतं. तारखा लांबतात, जूनची घाई आहे तर अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतची तात्पुरती परवानगीही त्याच वेळी मागा. हुकूम हातात आला की क्लार्कचं तोंड आपोआप बंद होईल.

माहेर_ग्वाल्हेर: आणि बाबांना काय देणार ते तुम्हीच आधी लिहून न्या. अर्धी उन्हाळी सुट्टी, दिवाळीचे दिवस, व्हिडिओ कॉलची ठरलेली वेळ, तिकिटाचा खर्च कोणाचा. "सोयीनुसार भेट" हे दोन शब्द कागदावर येऊ देऊ नका, माझं सगळं त्यातच फसलं.

मांडवीकर: बडोद्याचा मुलगा आहे, उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत, विसरू नका. 14 आणि 15 जानेवारी बाबांच्या गच्चीवर, असं स्पष्ट घाला. माझ्या भाचीच्या वेळी बाकी सगळ्यावर भांडण झालं, यावर नाही.

रावपुरावाली: फिरकी तोच धरतो त्यांची, दरवर्षी. काल तेवढंच मेसेजमध्ये लिहून पाठवलं. आज सकाळी उत्तर आलं, "वकिलाचा नंबर दे."