पहिल्या विमानाचा पंख: रबरबँडने बांधावा की बोल्टने आवळावा?

पतंगबाज

बाल्सा या हलक्या लाकडाच्या किटमधून पहिले उडते मॉडेल विमान जुळवणाऱ्याला अर्धे काम उरकल्यावर एक प्रश्न हमखास पडतो, आणि पुस्तिकेत पुष्कळदा दोन्ही पर्याय दिलेले असल्यामुळे तो सुटण्याऐवजी अधिकच रेंगाळतो. पंख धडावर रबरबँडने बांधायचा की नायलॉनच्या बोल्टने आवळायचा? माझे मत असे की पंख धडाच्या वर बसणारे, साधारण दीड मीटर पंखविस्ताराचे शिकाऊ विमान असेल तर रबरबँडच वापरावेत आणि बोल्टचा विचार दुसऱ्या विमानाच्या वेळी करावा.

नवशिक्याचे विमान पडतेच. पडताना बहुधा पंखाचे टोक आधी जमिनीला लागते आणि एवढा लांब पंख तरफेसारखा धडाला पिळू पाहतो. अशा वेळी रबर ताणले जातात, पंख जागेवरून सरकतो किंवा सुटून बाजूला पडतो, आणि दोन-चार नवे रबर चढवून त्याच दिवशी पुन्हा उडता येते. बोल्टने आवळलेल्या पंखाला सरकायला जागाच नसते, त्यामुळे तोच धक्का पंखाच्या मध्यजोडावर नाहीतर धडातल्या चौकटीवर येतो, आणि मग दुरुस्तीला आठवडा जातो.

दुसरा फायदा गुरुत्वमध्याचा, म्हणजे विमानाचा तोल ज्या बिंदूवर साधतो त्याचा. तो पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या 25 ते 30 टक्क्यांवर यायला हवा. परंतु आपण बसवलेले इंजिन किंवा बॅटरी किटकर्त्याने गृहीत धरलेल्या वजनाची असेलच असे नाही. धडावरची बैठक सपाट असेल तर रबरने बांधलेला पंख थोडा पुढे-मागे सरकवता येतो आणि नाकात शिसे भरण्याची वेळ टळू शकते. एकदा भोक पाडले की ही सोय संपली.

मोजपट्टी

पतंगबाज यांनी पडण्याचा विचार केला आहे, उडण्याचा मात्र केलेला दिसत नाही. विमान पडू नये यासाठी सर्वांत आधी काय लागते, तर पंख प्रत्येक वेळी त्याच जागी आणि त्याच कोनात बसणे. रबर चढवताना पंख किंचित तिरका बसला तरी ते डोळ्यांना कळत नाही. शेपटीच्या टोकाशी मधोमध टाचणी रोवून तिथून दोन्ही पंखटोकांपर्यंत दोरा ताणून पाहावा. या आकाराच्या विमानात दोन अंतरांत 5 मिलिमीटरचा फरक आला तर पंख सुमारे पाव अंशाने फिरलेला असतो. बोल्टच्या बाबतीत हे मोजमाप भोक पाडण्यापूर्वी एकदाच करावे लागते. रबरच्या बाबतीत ते मैदानावर दर वेळी करायला हवे, आणि ते कोणी करत नाही, हे आपण सगळेच जाणतो.

याहून गंभीर मुद्दा ताणाचा आहे. पंख वर असलेल्या विमानात उचल, म्हणजे हवेचा वर ढकलणारा जोर, पंखाला धडापासून दूर ओढत असते आणि तिला अडवणारे केवळ रबर असतात. अडीच किलोचे विमान जोरात सूर मारून वर काढले आणि चौपट भार आला, तर त्या रबरांवर दहा किलो येतात. हा भार रबरांच्या मूळ ताणापेक्षा वाढला की उचलीचे केंद्र पुढच्या बाजूला असल्यामुळे पंखाची पुढची कड बैठकीवरून उठते. पंखाची रुंदी 25 सेंटिमीटर असेल तर ती कड 4 मिलिमीटर उठणे म्हणजे कोन जवळजवळ एक अंशाने वाढणे. कोन वाढला की उचल वाढते, आणि उचल वाढली की कड आणखी उठते. असे विमान पाडण्यासाठी नवशिक्याची चूक लागत नाही.

बाल्साभुसा

एक दुरुस्ती. पंखाचे स्वतःचे वजन पंखच उचलतो. ते जोडावर येत नाही. अडीच किलोपैकी पंख 600 ग्रॅमचा असेल तर जोडावर 1.9 किलोच्या चौपट, म्हणजे साडेसात किलोच्या आसपास भार येतो, दहा नव्हे. रुंद, ताजे असे दहा-बारा रबर नीट चढवले तर तो पेलतो. बहुतेक रबर लांबीच्या दिशेने सरळ चढवावेत आणि शेवटचे दोन फुलीसारखे तिरपे घ्यावेत, म्हणजे खालचे रबर धडाला असलेल्या, रबर अडकवायच्या खुंटीवरून निसटत नाहीत.

मात्र ‘ताजे’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. नैसर्गिक रबर उन्हाने आणि हवेतल्या ओझोनने तडकते, आणि ग्लो इंजिनाच्या (मॉडेल विमानाच्या छोट्या, तेलमिश्रित इंधनावर चालणाऱ्या इंजिनाच्या) इंधनातले तेल त्यावर उडत राहिले की ते मऊ व निसरडे होते. एका मोसमात तेच रबर वापरत राहिलो आणि एका वळणात पंख विमानाला सोडून गेला. धड कुठे पडले हे पाहताना पंखाकडे कोणाचे लक्षच राहिले नाही. तो मागाहून सावकाश, अगदी डौलाने उतरला. त्यात दोष रबरचा नव्हता, माझ्या कंजुषीचा होता.

मोजपट्टी

दुरुस्ती मान्य. पण यातून माझाच मुद्दा बळकट होतो. जी गोष्ट दर खेपेला मोजून, तपासून, पुसून चढवावी लागते, ती नवशिक्याच्या हाती द्यावी का? शिवाय नायलॉनचे बोल्ट लोखंडाच्या बोल्टसारखे नसतात. ते धक्क्याला तुटावेत म्हणूनच नायलॉनचे घेतात. दोन बोल्ट बदलले की विमान तयार.

तिरकस

‘तुटावेत म्हणूनच’ हे वाक्य मीही वाचले होते आणि त्यावर विश्वास ठेवून दोन 6 मिलिमीटरचे बोल्ट लावले होते. ते तुटले नाहीत. पंखाच्या पुढच्या कडेतली लाकडी खुंटी धडाच्या ज्या चौकटीत शिरते ती चौकटच फाटली, आणि बोल्ट आजही माझ्या डब्यात शाबूत आहेत. दीड मीटरच्या हलक्या विमानाला 6 चे दोन बोल्ट म्हणजे गरजेपेक्षा फार जास्त ताकद झाली. 4 किंवा 5 चे लावले असते तर कदाचित मोजपट्टी म्हणतात तसे घडले असते. बोल्टचा आकार निवडताना ‘किती भार पेलेल’ याबरोबरच ‘चौकटीच्या आधी तुटेल का’ हेही विचारावे.

काटकोन

बोल्टच लावायचा असेल तर त्याचे सुतारकाम येथे कोणीच सांगितले नाही, आणि पहिल्या किटवाल्याची गाडी नेमकी तिथेच अडते. पंख दोऱ्याने मोजून टाचण्यांनी पक्का करावा आणि पंख व धडातला कठीण लाकडाचा ठोकळा यांना एकाच वेळी आरपार छिद्र पाडावे. 6 मिलिमीटरच्या बोल्टसाठी ते 5 मिलिमीटरचे असावे. नंतर ठोकळ्यात आटे पाडावेत आणि फक्त पंखातले छिद्र 6 पर्यंत वाढवावे. आट्यांत पातळ सायनो (झटपट चिकटणारा गोंद) सोडून, तो पूर्ण वाळल्यावर टॅप, म्हणजे आटे पाडण्याचे हत्यार, पुन्हा फिरवला तर लाकडातले आटे बरेच टिकतात. ड्रिल धडाला नव्हे, तर पंखाच्या मागच्या उतरत्या पृष्ठभागाला काटकोनात धरावे. नाहीतर बोल्टचे डोके एकाच कडेवर टेकते आणि खालचा बाल्सा चेपतो. डोक्याखाली प्लायवूडची पातळ पट्टी हवीच. तशीच पट्टी रबरवाल्यांनीही पंखाच्या मागच्या कडेवर चिकटवावी, नाहीतर रबर त्या कडेत रुतून खाचा पाडतात.

मला विचाराल तर दोन्ही बाजू पंखाच्या बैठकीला विसरत आहेत. बैठकीवर फोमची जाड पट्टी चिकटवली आणि ती मागच्या बाजूला 1 मिलिमीटर जास्त दबली, तर कोन पाव अंशाने बदलतो, मग वर रबर असो वा बोल्ट.

पतंगबाज

बैठकीचा मुद्दा खरा आहे आणि तो माझ्याकडून राहिला होता. तिरकेपणाबद्दल मोजपट्टी यांचा आक्षेपही मी नाकारत नाही. मात्र त्यासाठी बोल्टपर्यंत जायची गरज नाही. पंखाच्या खालच्या बाजूला बाल्साचे दोन लहान ठोकळे असे चिकटवावेत की ते धडाच्या दोन भिंतींच्या आत अलगद बसतील. पंख डावी-उजवीकडे फिरत नाही, वर उचलून सुटायला मात्र मोकळा राहतो, आणि पुढे-मागे सरकवण्याची सोयही शाबूत राहते.

मोजपट्टी

पंखटोक जमिनीला लागल्यावर पंख आधी फिरू पाहतो, वर नंतर उचलला जातो, असे आपणच वर लिहिले आहे. फिरण्याला हे ठोकळे अडवणार असतील, तर धडाच्या भिंती फाटणार नाहीत का? ठोकळ्यांची उंची आपण किती ठेवता?

पतंगबाज

3 मिलिमीटर, आणि भिंतीकडची बाजू पॉलिश पेपरने घासून उतरती करतो, म्हणजे जोराचा धक्का बसला की ठोकळा भिंतीवरून घसरत वर चढतो. दोन विमानांत चालले आहे. तिसऱ्यात एक ठोकळा निघून आला, पण भिंत फाटली नाही.