इंदूर: वस्तीच्या पाहणीत कमाई विचारावी की खर्च?

बाणगंगाकर: मंडळाला बाणगंगेकडच्या वस्तीत दीडशे घरांची पाहणी करायचीय. मदत आधी कुणाला, ते ठरवायला. बीपीएल कार्डावर भरवसा नाही आणि कमाई विचारली की सगळे 'दहा हजार' सांगतात. मग विचारावं काय?

मोजणीदार: कमाई सोडा, खर्च विचारा. रोजंदारीवाल्याला महिन्याचा आकडा खरंच सांगता येत नाही आणि कार्ड जाईल म्हणून पगारदार कमी सांगतो. पण 'महिन्याला किती लागतात?' असंही नको. भाजी, तेल, मसाले, तंबाखू गेल्या ७ दिवसांचं. धान्य, डाळ, गॅस, वीज ३० दिवसांचं. कपडे, चपला, फी, दवाखान्यातली भरती ३६५ दिवसांचं. सरकारी खर्च-पाहणीतही अशीच वाटणी असते. सगळं ३० दिवसांवर आणा, बेरजेला माणसांनी भागा. रंगपंचमीचा आठवडा टाळा.

कंट्रोलचं फुकट धान्य (माणशी ५ किलो, अंत्योदयला घरामागे ३५) बाजारभावाने वेगळ्या रकान्यात लिहा. भाडंही वेगळं, नाहीतर भाडेकरू घरमालकापेक्षा सधन दिसतो. सगळ्यात फसवतो तो भरतीचा खर्च. कर्ज काढून ऑपरेशन केलेलं घर कागदावर एकदम सुखवस्तू! तो बेरजेत धरूच नका, कर्जाचा रकाना करा.

एकचूल: समग्र आयडीवरून (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब-क्रमांक) कुटुंब ठरवू नका. एका आयडीत दोन-तीन चुली निघतात. स्वयंपाक एकत्र, ते एक कुटुंब.

छेदअंश: भिया, नुसत्या खर्चाने भागणार नाही. नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबी निर्देशांकाचे (आरोग्य, शिक्षण, राहणीमान यांतल्या उणिवा मोजणारा) १२ निकष जोडीला घ्या. राहणीमानाच्या सात निकषांना प्रत्येकी १/२१ भार, घरात एकाचंही ६ वर्षं शिक्षण झालेलं नसेल तर १/६. जिथे उणीव, त्याचा भार गुण म्हणून मिळवत जायचा; एकूण १/३ किंवा जास्त भरलं की गरीब. 'गॅस आहे का?' याला 'हो'च येतं. शेवटची टाकी कधी भरली ते विचारा आणि चुलीवरची काजळी ताजी आहे का बघा. संडास सामाईक असेल तर 'नाही' धरायचा.

आता हिशेब: चूल, सामाईक संडास, मातीची जमीन, वर शिक्षण नाही, तर ३/२१ + १/६ = ३१ टक्के. म्हणजे गरीब नाही! पाण्याला जाऊन-येऊन अर्धा तास लागत असेल तर लगेच ३५.७.

बाणगंगाकर: मग ३१ वालं घर यादीबाहेर?

छेदअंश: छे. १/३ ची रेघ गरीब किती, त्या शिरगणतीसाठी. तुम्ही गुण उतरत्या क्रमाने लावा, गुण सारखे असतील तिथे माणशी खर्च कमी आणि कर्ज जास्त त्याला वर घ्या, आणि पैसे पुरतील तिथवर या.