जपून ठेवणं आणि पुरून ठेवणं

बायबलमध्ये येशूने सांगितलेली एक गोष्ट आहे: परदेशी जाताना धनी तीन चाकरांना पाच, दोन आणि एक तालांत (त्या काळची मोठी रक्कम) सोपवतो. पहिले दोघे ती दुप्पट करतात, तिसरा मात्र आपला तालांत जमिनीत पुरून ठेवतो आणि शिक्षा भोगतो. ‘उधळलं नाही, नुसतं जपून ठेवलं, मग त्या तिसऱ्या चाकराला शिक्षा का?’ हा प्रश्न मलाही खूप वर्षं छळायचा. पण मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या २५व्या अध्यायात ही गोष्ट आहे, त्यातली रक्कम बघा. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार, आणि एक दिनार ही तेव्हा मजुराची दिवसाची मजुरी. सर्वांत कमी मिळालेल्याच्या हातातही जवळपास २० वर्षांची कमाई होती! शिवाय पाचवाल्याला आणि दोनवाल्याला धनी अगदी त्याच शब्दांत शाबासकी देतो. म्हणजे किती मिळालं याचा हिशेब तिथे नाहीच.

सोलापुरात माझे मामा जकार्डच्या (भोकं पाडलेल्या पट्ट्यांवरून नक्षी विणणाऱ्या मागाच्या) चादरींची नक्षी काढायचे. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून मोर उभा करायचे, मग त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची. पट्टी उजेडाकडे धरून कुठलं भोक चुकलंय ते सांगायचे. देवाचं देणंच होतं ते. दारू नाही, जुगार नाही, देवळात नेमाने जाणारा माणूस. पण कुणाला शिकवलं नाही, पोटच्या पोरालासुद्धा नाही. दुसऱ्याच्या कारखान्यात जाऊन विद्या विकेल, ही भीती. पुढे साखरेने डोळे गेले. पोराने खूप विनवलं, तेव्हा शिकवायला बसले, पण कागदावरचं घरच दिसेना.

ते गेल्यावर मामींनी ट्रंक उघडली. सगळ्या नक्ष्या नीट गुंडाळून, दोऱ्याने बांधून ठेवलेल्या. पहिली उलगडली तर कसर लागलेली. मोराची मान माझ्या बोटाला चिकटून आली.