मागचा नांगर
एलएसटी म्हणजे ‘लँडिंग शिप, टँक’, रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवणारं जहाज. मुद्दाम किनाऱ्यावर चढवलेलं हे जहाज परत निघतं कसं, भरतीची वाट बघत बसतं का? भरतीची मदत होतेच, पण खरी गंमत मागच्या नांगरात आहे. किनारा यायच्या आधीच तो खोल पाण्यात टाकायचा आणि पोलादी दोर सोडत पुढे जायचं. पुढची दारं उघडून रणगाडे उतरले, की विंच या दोर ओढणाऱ्या यंत्रावर तो दोर गुंडाळायचा. जहाज स्वतःलाच मागे ओढून घेतं. सपाट तळामुळे समुद्रात मात्र ते भयंकर डुलायचं. एलएसटी म्हणजे ‘लार्ज स्लो टार्गेट’ (मोठं, संथ लक्ष्य), असं खलाशीच गमतीनं म्हणत! तरी चिवट किती बघा: दुसऱ्या महायुद्धातलं एलएसटी-३२५ म्हाताऱ्या माजी नौसैनिकांनी २०००-०१ मध्ये ग्रीसहून अमेरिकेला चालवत नेलं.