रॉबर्ट प्लांटची लोकगीते : परंपरेची सेवा की परंपरेचा आडोसा?

(इंदूरच्या श्रोत्यांत ही चर्चा २०२५ मध्ये, 'सेव्हिंग ग्रेस' हा अल्बम प्रसिद्ध होण्यापूर्वी झाली.)

रामबागकर :

लेड झेपेलिन या जुन्या इंग्रज रॉक वाद्यवृंदाचा गायक रॉबर्ट प्लांट याचा 'सेव्हिंग ग्रेस' हा नवा अल्बम २६ सप्टेंबर २०२५ रोजी येत आहे आणि त्यातली दहाही गाणी एकतर पारंपरिक आहेत किंवा दुसऱ्यांनी रचलेली आहेत, हे जाहीर झाल्यापासून इंदूरच्या आपल्या रॉक ऐकणाऱ्या मंडळींत नाराजी दिसते. कोणी म्हणते, त्याच्याकडे स्वतःचे सांगण्यासारखे काही उरले नाही. कोणी म्हणते, वय झाले की सगळेच लोकगीतांचा आधार घेतात. ही दोन्ही मते मला अन्यायाची वाटतात.

मुळात हा माणूस लोकगीतांकडे आज वळलेला नाही. लेड झेपेलिनच्या १९७० च्या तिसऱ्या अल्बममध्ये 'गॅलोज पोल' हे फाशीच्या खांबाखाली उभ्या असलेल्या कैद्याचे जुने गाणे होते. १९७१ मध्ये त्याने सँडी डेनी या इंग्रज लोकगायिकेबरोबर युगुलगीत गायले. २००७ मध्ये अ‍ॅलिसन क्राउस या अमेरिकन गायिकेबरोबर 'रेझिंग सँड' हा अल्बम केला आणि त्याला २००९ मध्ये वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा ग्रॅमी मिळाला. २००७ च्याच डिसेंबरात लेड झेपेलिन लंडनमध्ये एका रात्रीपुरते एकत्र आले होते. त्यानंतर जगभर दौरा काढला असता तर पैशाला तोटा नव्हता, पण हा क्राउसबरोबर गात राहिला. ज्याला केवळ आयत्या गाण्यांवर दिवस काढायचे असतात, तो असा वागत नाही.

आताचा वाद्यवृंदही पाहावा. २०१९ पासून ही मंडळी एकत्र गातवाजवत आहेत. बँजो, चेलो, गिटार, तालवाद्ये, आणि प्लांटच्या आवाजाच्या बरोबरीने सूझी डायन हिचा आवाज. मुखपृष्ठावर तिचे नाव त्याच्या नावासोबत आहे. 'एव्हरीबडीज साँग' हे पहिले गाणे ऐकायला मिळाले आहे. एके काळी सगळ्या वाद्यांना भेदून वर जाणारा त्याचा आवाज त्यात खालच्या पट्टीत, दुसऱ्या आवाजाला वाट देत चालतो. सत्त्याहत्तराव्या वर्षी गायकाने आपल्या गळ्याशी केलेला हा प्रामाणिक व्यवहार आहे, असे मला मनापासून वाटते.

तुकोगंजकर :

रामबागकर, आपला व्यासंग मी जाणतो आणि प्लांटच्या गळ्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा आक्षेप 'पारंपरिक' या शिक्क्याला आहे, कारण लेड झेपेलिनच्या बाबतीत या शिक्क्याचा इतिहास चांगला नाही.

१९६९ च्या पहिल्या अल्बमवर 'बेब आय अ‍ॅम गॉना लीव्ह यू' हे गाणे पारंपरिक म्हणून छापले गेले आणि मांडणीचे श्रेय लेड झेपेलिनचा गिटारवादक जिमी पेज याला दिले गेले. ते गाणे प्रत्यक्षात अ‍ॅन ब्रेडन नावाच्या, तेव्हा हयात असलेल्या बाईंनी १९५० च्या दशकात रचलेले होते. जोन बाएझ या अमेरिकन लोकगायिकेच्या तबकडीवरही सुरुवातीला ते पारंपरिक म्हणूनच छापले होते, हे मान्य. पण त्यामुळे ब्रेडनबाईंचे नुकसान कमी होत नाही. त्यांना हे कळले १९८० च्या दशकात आणि नाव लागले १९९० च्या सुमारास. लेड झेपेलिनच्याच 'होल लॉटा लव्ह'च्या श्रेयासाठी तर ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे लोकगायन, रचणाऱ्या विली डिक्सन यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. एखादे गाणे 'लोकांचे' ठरले की ते कोणाचेच राहत नाही, आणि जे कोणाचेच नाही त्याच्या उत्पन्नावर ज्याचे नाव छापलेले असते त्याचा हक्क चालतो.

या नव्या अल्बममध्येही निर्विवाद पारंपरिक म्हणावीत अशी गाणी मला तीनच दिसतात : 'अ‍ॅज आय रोव्ह्ड आउट', 'आय नेव्हर विल मॅरी' आणि 'गॉस्पेल प्लाऊ'. 'सोल ऑफ अ मॅन' हे टेक्ससच्या ब्लाइंड विली जॉन्सनने १९३० मध्ये ध्वनिमुद्रित केले होते. 'एव्हरीबडीज साँग' हे तर लो नावाच्या वाद्यवृंदाचे २००५ चे गाणे आहे. मग या सगळ्याला सरसकट 'लोकगीतांचा अल्बम' कशासाठी म्हणायचे?

लोकमान्यनगरवासी :

मी रॉक फार ऐकत नाही, माझा मुलगा ऐकतो. पण लोकगीतांचा विषय निघाला म्हणून लिहिते. तुकोगंजकर, आपला श्रेयाचा मुद्दा रास्त आहे, परंतु आपल्या लिहिण्यातून असे सूचित होते की प्रत्येक गाण्याचे एक खरे रूप कुठेतरी असते आणि बाकी सगळे त्यात फेरफार करतात. भोंडल्यात फेर धरलेल्या कोणत्याही बाईला हे पटणार नाही.

नवरात्रात आमच्या गल्लीत पाटावर हत्ती काढून मुली भोवती फिरू लागल्या की 'ऐलमा पैलमा' सगळ्या एकसुरात म्हणतात, पण पुढच्या गाण्यांत दोन कडव्यांतच मतभेद सुरू होतात. ग्वाल्हेरहून आलेल्या सुनेच्या तोंडी एक ओळ, नागपूरच्या सुनेच्या तोंडी तिसरीच, आणि सासूबाईंनी शिकवलेली ओळ या दोघींना ठाऊक नसते. शेवटी ज्या बाईचा आवाज मोठा, तिची ओळ त्या वर्षापुरती पक्की होते. त्याआधी पितृपक्षात शेजारच्या माळवी घरांतल्या मुली भिंतीवर शेणाची संजा मांडून गातात, तिथेही हाच प्रकार मी ऐकला आहे.

मुलाने मला 'गॅलोज पोल' ऐकवून त्याची कथा सांगितली. जुन्या बहुतेक पाठांमध्ये प्रियकर किंवा प्रेयसी शेवटी सोने आणते आणि कैदी सुटतो. लेड झेपेलिनच्या गाण्यात मात्र फाशी देणारा सोनेनाणे घेतो, कैद्याची बहीणही मिळवतो आणि तरीही त्याला लटकावतो. शेवट बदलला म्हणून गाणे बिघडले का? मला तर अंगावर काटा आला. गाणाऱ्याने हा अधिकार घ्यावा, लोकगीत त्यासाठीच असते.

तुकोगंजकर :

ताई, गाणे बदलण्याला माझा विरोध नाही. माळव्यातच पाहा, कबीराची म्हणून गायिली जाणारी किती पदे कबीराची असतील याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. गावोगावच्या भजनी मंडळ्यांनी स्वतः जोडलेल्या ओळींच्या शेवटी 'कहत कबीर' लावले आणि स्वतःचे नाव पुसून टाकले. तिथे नवा रचणारा जुन्याच्या नावामागे उभा राहतो आणि मान जुन्याला मिळतो. तबकड्यांच्या धंद्यात 'पारंपरिक' लिहून जुना रचणारा पुसला जातो आणि मानधन नव्याला मिळते. भोंडल्याच्या गाण्यावर मानधन नसते, म्हणून तिथे भांडण ओळीवरच थांबते.

देवासरस्ता :

आपण सगळे नावाभोवती फिरत आहात. माझा आक्षेप वेगळा आहे आणि तो रामबागकरांना आहे.

कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाच्या आजारामुळे देवासला आले. गाणे बंद, बिछान्यावर पडून राहायचे, आणि कानावर पडत होती ती बाहेरून जाणाऱ्या बायकांची माळवी गाणी आणि जोग्यांची निर्गुणी भजने. पुढे त्यांनी ही गाणी गोळा केली, त्यांच्या धुनांतून नवे राग उभे केले आणि त्यांना 'धुनउगम' म्हटले, म्हणजे उगम कुठला हे नावातच सांगितले. महत्त्वाचे हे की त्यांनी खेडुताच्या गळ्याची नक्कल केली नाही. त्या गाण्यांनी कुमारजींचे गाणेच बदलले. ख्याल गातानाही ते माळवे सुटले नाही. एका मातीत वर्षानुवर्षे राहिल्याशिवाय हे होत नाही.

प्लांटच्या यादीत आयर्लंड-इंग्लंडकडचे एक गाणे, टेक्ससचे एक, मिनेसोटाच्या वाद्यवृंदाचे एक आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या मोबी ग्रेप या वाद्यवृंदाचे १९६९ मधले एक आहे. प्रत्येक गाणे सुंदर असेल, पण हे कोणत्या गावचे गाणे आहे असे विचारले तर उत्तर मिळत नाही. उत्तम अभिरुचीच्या माणसाने केलेली ही निवड आहे, आणि निवड म्हणजे परंपरा नव्हे. लुनियाखेडीचे प्रह्लादसिंह टिपानिया तंबुरा घेऊन कबीर गातात, मधेच थांबून समोरच्यांना अर्थ समजावतात आणि पुन्हा धरतात. त्या गाण्याला ऐकणारा समाज आहे. स्टुडिओत काचेपलीकडे कोण असते?

छत्रीबाग :

सर्व ज्येष्ठांचा मान राखून सांगतो, मला यापैकी काहीच नको आहे. ज्या गळ्याने 'इमिग्रंट साँग' गायले, त्या गळ्याची मला ओढ आहे. बँजो आणि चेलो वाजवणारे जगात पुष्कळ आहेत.

रामबागकर :

छत्रीबाग, तो गळा १९७० सालचा आहे आणि तो तबकडीवर सुरक्षित आहे. आज त्याची मागणी करणे म्हणजे प्लांटला स्वतःचीच नक्कल करायला लावणे होय. तो ते करत नाही, याबद्दल मला त्याचा आदर वाटतो.

देवासरस्ता, आपल्या मुद्द्याने मला खरोखर विचारात पाडले. कुमारजींचे उदाहरण इतके मोठे आहे की त्यापुढे कोणीही लहानच ठरेल. तरीही एक गोष्ट आपण सोडून दिलीत. प्लांटच्या पिढीतल्या इंग्लंडच्या मध्य भागातल्या मुलांच्या खिडकीखालून ब्लूज गात कोणी जात नव्हते. त्यांना ब्लूजची भूमी मिसिसिपी भेटली ती समुद्रापलीकडून आलेल्या तबकड्यांवर, आणि त्याच तबकड्या झिजेपर्यंत ऐकून त्यांची जडणघडण झाली. त्यांची माती तीच. त्यामुळे टेक्सस आणि मिनेसोटा एका यादीत आले तर ते मला उपरे वाटत नाही, त्याच्या आयुष्याचा तो खरा नकाशा आहे. शिवाय हा अल्बम २०१९ ते २०२५ या काळात इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड्स भागात आणि वेल्सच्या सीमेवर, म्हणजे त्याच्या घराच्या आसपासच, सावकाश ध्वनिमुद्रित झाला आहे. समोर श्रोते नव्हते म्हणाल तर हीच मंडळी छोट्या सभागृहांत याआधी भरपूर गायली आहेत. १९७२ मध्ये मुंबईत येऊन पेज आणि प्लांट यांनी इथल्या वादकांबरोबर दोन गाणी मुद्रित केली होती, ती चार दिवसांची पाहुणकी होती असे आपण म्हणू शकता. 'सेव्हिंग ग्रेस' तसा नाही.

देवासरस्ता :

तबकडी ही माती होऊ शकते, हे मला अजून मान्य नाही. तबकडी ऐकणाऱ्याला उलट काही विचारत नाही. पण सहा वर्षे एकत्र गाणे ही गोष्ट मी हलकी मानणार नाही. दोन आवाज एकमेकांत मुरले आहेत की नाही, ते पूर्ण अल्बम ऐकल्यावर सांगेन.

तुकोगंजकर :

मी मात्र आधी श्रेयनामावली वाचणार आहे. यातले 'शेव्रोले' हे गाणे माझ्या दृष्टीने कसोटीचे आहे. त्याचे मूळ मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो या ब्लूज कलाकारांनी १९३० मध्ये मुद्रित केलेल्या गाण्यात सापडते. १९५९ मध्ये अ‍ॅलन लोमॅक्स या लोकगीत-संग्राहकांनी मिसिसिपीत एड आणि लॉनी यंग या भावांकडून ते मोटारीच्या नावासह मुद्रित केले. १९६५ मध्ये डोनोव्हन या ब्रिटिश गायकाने ते वेगळ्या नावाने गायले. ताईंच्या भोंडल्यासारखाच त्याचा प्रवास आहे, फरक इतकाच की इथे गाणाऱ्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत.

बॉब डिलनच्या १९९२ च्या पारंपरिक गाण्यांच्या अल्बमवर मांडणीचे श्रेय सरसकट त्याच्या नावावर होते आणि त्यावर टीका झाली. पुढच्याच वर्षीच्या अल्बममध्ये त्याने प्रत्येक गाणे कोणाकडून आले हे स्वतः लिहिले. म्हणजे मनात आणले तर हे करता येते. मेम्फिस मिनीचे नाव लेड झेपेलिनने १९७१ मध्ये 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'वर दिले होते, तेव्हा प्लांटकडून ही अपेक्षा ठेवणे गैर नाही. 'शेव्रोले'समोर ही नावे दिसली तर मी हा अल्बम विकत घेईन आणि रामबागकर, आपल्याकडेच बसून ऐकेन. नुसते 'पारंपरिक' छापलेले असेल तर माझा आक्षेप कायम राहील.