वरच्या दुधावरून मिळणाऱ्या टोमण्यांना काय उत्तर द्यावे?

नमस्कार. माझी मुलगी आता दोन महिन्यांची होईल. जन्मतः तिचे वजन 2 किलो 800 ग्रॅम होते, ते पाचव्या दिवशी 2 किलो 450 ग्रॅमवर आले. सुरुवातीला प्रत्येक बाळाचे वजन थोडे उतरते हे मला ठाऊक होते. परंतु ही घट दहा टक्क्यांच्या पलीकडे गेली होती आणि दिवसभरात जेमतेम तीन लंगोट ओले होत होते, म्हणून बालरोगतज्ज्ञांनी अंगावर पाजून झाल्यावर वाटी-चमच्याने पावडरचे दूध द्यायला सांगितले. आता वजन चार किलोला टेकले आहे.

अळिवाचे लाडू, शतावरी, खसखशीची खीर, शेपूची भाजी हे सगळे करून झाले (लाडवांबद्दल तक्रार नाही), तेव्हा दूध वाढवण्याचे उपाय कृपया सुचवू नयेत. मला मदत हवी आहे ती माणसांबाबत. बारशाला आलेल्या एक मावशी पाळण्याची दोरी हातात धरून सर्वांसमक्ष म्हणाल्या, "आमच्या वेळी नव्हते हो हे डबे, तरी तीन पोरे वाढवलीच ना!" सगळ्याच आयांना पुरेसे दूध येत असते, तर मुंबईच्या शीव रुग्णालयात 1989 मध्ये मातृदुग्धपेढी काढण्याची गरज कशाला पडली असती, हे उत्तर मी तेव्हापासून मनात घोळवत आहे, पण तोंडावर सांगण्याची हिंमत झालेली नाही.

सासूबाई कधीही टाकून बोलत नाहीत, रात्री तीन वाजता उठून पाणीसुद्धा उकळून देतात. मात्र पाहुणे यायचे असले की त्या डबा ओट्यावरून उचलून तांदळाच्या पिंपामागे ठेवतात. मावशींच्या बोलण्यापेक्षा मला ते अधिक लागते. त्या डब्यावर 'आईचे दूध बाळासाठी सर्वोत्तम' असे 1992 च्या कायद्यानुसार छापावेच लागते. कंपन्यांना लगाम घालणारा तो कायदा हवाच, असेच माझे मत आहे; तरी दर वेळी झाकण उघडताना ती ओळ माझ्यासाठीच लिहिली आहे असे वाटते.

ज्यांनी अंगावरचे आणि वरचे अशी दोन्ही दुधे दिली आहेत, त्या अशा प्रसंगी वाद न वाढवता काय बोलल्या? आणि डबा ओट्यावरच राहू द्या, हे सासूबाईंना न दुखावता कसे सांगावे? पुढच्या रविवारी ह्यांच्या आत्या चार दिवस राहायला येणार आहेत, त्याआधी उत्तर मिळाल्यास बरे होईल.