ओएसपीएफ चालू असताना स्टॅटिक रूट ठेवावाच का?

रात्रपाळी:
माझं स्पष्ट मत: ठेवू नये. आमच्या एका शाखेला दोन लिंक, दोन्हींवर ओएसपीएफ (राउटर आपसांत बोलून रस्ते स्वतः शोधतात तो प्रोटोकॉल). हेड ऑफिसच्या राउटरवर मात्र मुख्य लिंककडे बोट दाखवणारा जुना स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेला पक्का रस्ता) कुणी काढलाच नव्हता. रात्री मधेच कुठेतरी फायबर तुटली. आमच्या मीडिया कन्व्हर्टरचा (फायबर आणि राउटरची केबल जोडणारा डबा) दिवा हिरवाच, म्हणून इंटरफेस अप, म्हणून रूटही जागेवर. ओएसपीएफने 40 सेकंदांत शेजारी गेल्याचं ओळखून बॅकअपचा रस्ता काढला होता. पण सिस्कोच्या राउटरवर स्टॅटिकचं डिस्टन्स 1, ओएसपीएफचं 110, आणि कमी आकड्याचा रूट जिंकतो. पॅकेट तुटलेल्या लिंकवरच जात राहिले. पहाटे ती एक ओळ काढली आणि शाखेचे पिंग लगेच सुरू झाले.

जुना नेटकरी:
रात्रपाळी, दोष स्टॅटिकचा नाही, तो तसाच सोडून देणाऱ्याचा आहे. डिस्टन्स 250 दिलं असतं तर तो ओएसपीएफच्या मागे निमूट उभा राहिला असता. मुख्य रस्ता म्हणूनच हवा असेल तर आयपी एसएलए (राउटरनेच सतत पिंग करून रस्ता तपासणं) लावून ट्रॅक करा. पलीकडून पिंग बंद झालं की रूट आपोआप निघतो. आणि बीजीपीत (बाहेरच्या नेटवर्कांना आपले रस्ते सांगणारा प्रोटोकॉल) आपला पत्त्यांचा मोठा ब्लॉक जाहीर करताना नल झिरोकडे (पॅकेट टाकून देणारा आभासी इंटरफेस) स्टॅटिक टाकतोच ना? तिथे तो कधीच पडत नाही, हाच त्याचा गुण.

केबलकन्या:
250 वर इतका भरवसा नको. डिस्टन्सची तुलना तोच प्रीफिक्स (पत्त्यांचा गट), तीच लांबी (तिरक्या रेघेनंतरचा आकडा) असेल तरच होते. ओएसपीएफकडून 10.20.0.0/16 असा समरी रूट (छोटे गट एकत्र करून दिलेला) येतोय आणि तुमचा स्टॅटिक 10.20.5.0/24 आहे, तर डिस्टन्स 250 असो की 1, स्टॅटिकच जिंकणार. लाँगेस्ट मॅच आधी, म्हणजे जास्त लांबीचा रूट आधी बघितला जातो. मी स्वतः यात फसले आहे.

जुना नेटकरी:
हे मान्य. समरी असेल तिथे 250 पुरत नाही, ट्रॅक लागतोच.

दोन व्हेंडर:
ज्युनिपरवर (राउटर बनवणारी दुसरी कंपनी) आकडेही वेगळे: स्टॅटिक 5, ओएसपीएफ अंतर्गत 10, बाह्य (ओएसपीएफमध्ये बाहेरून आणलेले रूट) 150. सिस्कोच्या सवयीने 120 दिलंत तर बाह्य रूटपुढे तुमचा ‘बॅकअप’च मुख्य होऊन बसतो.

रात्रपाळी:
म्हणजे ट्रॅक, प्रीफिक्सची लांबी, व्हेंडरचे आकडे, एवढं सगळं रात्री दोनला कोण लक्षात ठेवणार? शाखांकडे जाणारे स्टॅटिक मी काढतोय. आयएसपीकडचा डीफॉल्ट (दुसरा रूट नसलेल्या पत्त्यांसाठीचा) तेवढा ठेवीन, तोही ट्रॅक लावून.